यथाशक्ती

घरात दुखणे असताना लहान मुलांना घेऊन प्रवासास निघावे की निघू नये, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा वाटतो. डॉक्टर काय म्हणतात, तिकिटे परत केली तर किती रुपये बुडतील, परगावी औषध मिळेल काय, एवढे पाहिले की निर्णय झाला असे आपण समजतो. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो धर्माचा आहे. एकाच्या शरीराचे कष्ट आणि इतरांचा आनंद यांची सांगड घालताना घरातील माणसांनी एकमेकांना काय सांगावे आणि काय लपवावे? आमच्या घरी या प्रश्नाची गाठ दोनदा पडली. एक प्रवास आम्ही केला नाही, एक केला. दोन्ही हकीकती सांगून मला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

आमचे घराणे मूळ गोमंतकातले. नोकरीच्या निमित्ताने चार पिढ्यांपूर्वी ते बडोद्यास आले व येथलेच झाले. कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन वर्षांनी एकदा तरी कवळ्यास जावे, अग्रशाळेत उतरावे, देवीची ओटी भरावी आणि परतण्यापूर्वी मुलांना समुद्र दाखवावा, असा आमचा रिवाज आहे.

२०१९ च्या मे महिन्यात सर्व सिद्धता झाली असताना निघण्याच्या चार दिवस आधी आमच्या कन्येच्या अंगावर कांजिण्या उठल्या. ती तेव्हा चार वर्षांची होती. निघण्याच्या दिवशी ताप उतरला होता आणि ती घरभर खेळत होती. आमचे थोरले काका म्हणाले, "देवीच्या दर्शनाला निघालात, तर अडचण कसली मानता? ती पाहून घेईल." आम्ही गेलो नाही. कांजिण्यांचे सर्व फोड सुकून खपल्या धरेपर्यंत तो रोग दुसऱ्यास लागतो. मुलाला तो बहुधा सौम्य जातो, परंतु गरोदर स्त्रीला, नवजात अर्भकाला किंवा दुर्बळ शरीराच्या माणसाला तो भारी पडू शकतो. रेल्वेच्या डब्यात आणि देवळाच्या सभामंडपात आपल्या शेजारी कोण उभे राहील हे आपणांस ठाऊक नसते. देवी सांभाळील हा विश्वास आमचा. त्याची किंमत परक्याच्या तान्ह्या मुलाने का द्यावी? जुन्या घरांत गोवर-कांजिण्या आल्या की दारावर कडुनिंबाचा डहाळा लावीत आणि येणेजाणे थांबवीत. त्यामागील भावना कोणतीही असो, आचार शहाणपणाचा होता. काकांची नाराजी आणि तिकिटांचे पैसे, दोन्ही आम्ही सोसले. मनाला मात्र त्रास झाला नाही. जे दुखणे आपल्या उंबऱ्याबाहेर पडून दुसऱ्याच्या घरात शिरू शकते, ते घेऊन हौसेसाठी प्रवास करू नये, हा नियम मला निरपवाद वाटतो.

दुसरा प्रसंग इतका सरळ नव्हता. पुढील दोन वर्षे महामारीत गेली आणि २०२१ मध्ये माझ्या पत्नीला संधिवाताने धरले. हा म्हातारपणीच्या झिजेचा संधिवात नव्हे. शरीराची संरक्षणशक्तीच वाट चुकून आपल्याच सांध्यांवर उठते, अशा जातीचा हा विकार आहे. सकाळी बोटे आणि घोटे लाकडासारखे होतात. तास दोन तासांनी ते सैल पडतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या आहेत आणि त्या घेतल्यावर दुसरा दिवस मळमळीत जातो. रोग आटोक्यात राहू शकतो, परंतु मुळापासून जात नाही. तो कोणाला लागत नाही. ज्याचा त्याने भोगावयाचा.

२०२३ च्या उन्हाळ्यात तिनेच कवळ्याचा विषय काढला. कन्या आठ वर्षांची झाली होती, मुलगा पाच. मी म्हणालो, "तुला बरे वाटू दे, मग जाऊ." ती म्हणाली, "अहो, बरे वाटेपर्यंत थांबायचे, तर मुले कॉलेजात जातील." या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. जे दुखणे जाणारच नाही, ते गेल्यावर करू असे म्हणणे म्हणजे करणार नाही असेच म्हणणे होय.

या वेळी काकांनी उलट बाजू घेतली. देवीच्या दर्शनासाठी आजाऱ्याने देह झिजवावा असे कोठे सांगितले आहे, असे ते म्हणाले, आणि ते खरेही आहे. जो स्वतः तीर्थास जाऊ शकत नाही, त्याच्या नावाने दर्भाची प्रतिमा करून ती तीर्थात बुडविण्याची सोय शास्त्रकारांनी सांगून ठेवली आहे; त्यायोगे त्याला फळाचा आठवा भाग मिळतो. म्हणजे पुण्याला प्रतिनिधी चालतो. परंतु बालपणाला प्रतिनिधी कोठून आणावा? आईबरोबर पाहिलेला समुद्र दर्भाची आई करून दाखविता येत नाही.

काकांनी मग कालिदासाचा आधार घेतला. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तप करणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेषातील शंकर सांगतो की धर्माचरणाचे पहिले साधन शरीर आहे. आपल्याकडे प्रत्येक आजाऱ्याला हे वचन ऐकविले जाते. परंतु साधन असते ते वापरण्यासाठी. पेटीत कुलूप लावून ठेवलेली वीणा सुरक्षित राहते खरी, पण तिला साधन म्हणण्यात अर्थ उरत नाही. शिवाय तो बटू पार्वतीची परीक्षा पाहत होता आणि पार्वतीने तप सोडले नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. याचा अर्थ शरीराची हेळसांड करावी असा मुळीच नव्हे. डॉक्टरांची अनुमती घेतली. तासातासाने उठून डब्यात चार पावले टाकावयाची, सकाळी हात गरम पाण्यात धरावयाचे, गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी प्रवास ठेवावयाचा नाही, हे सर्व ठरविले. आणि आम्ही निघालो.

येथवर आमचे चुकले असे मला अजूनही वाटत नाही. चूक झाली ती निघताना उभयतांनी केलेल्या एका करारात. मुलांचा आनंद नासू नये म्हणून आईचे दुखणे त्यांच्यापुढे दिसू द्यावयाचे नाही, असे आम्ही ठरविले होते. त्यागाचे हे रूप आपल्या समाजात फार पूज्य मानले जाते. आजारी असूनही जिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, अशा माउलीच्या गोष्टी सांगतच आपण लहानाचे मोठे झालो.

पहिल्या सकाळी ती देवळाच्या पायऱ्या हसतमुखाने चढली. माझ्या दंडावर तिच्या बोटांची पकड किती घट्ट होती ते मला कळत होते. ओटी भरली, अबोलीचा गजरा माळला. संध्याकाळी तासाभराच्या अंतरावरील मिरामारच्या किनाऱ्यावर गेलो आणि मुलांचा हात धरून ती वाळूत पाण्यापर्यंत चालली. मऊ वाळूत घोटा प्रत्येक पावलागणिक वळतो. निरोगी माणसाच्या ते ध्यानातही येत नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही. मुले निजली आहेत असे समजून ती बराच वेळ भिंतीला टेकून दबक्या आवाजात कण्हत होती.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "आज पुन्हा समुद्रावर जाऊ या ना?" मुलाने उडी मारली. कन्या म्हणाली, "मला नाही आवडत समुद्र. पाय चिकट होतात." गेले दोन महिने ही मुलगी वहीच्या प्रत्येक कोऱ्या पानावर समुद्र काढीत होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि माझ्या लक्षात आले की रात्री ती जागी होती. आम्ही आमची वेदना तिच्यापासून लपविली होती. तिने आपली हौस आमच्यापासून लपविली. आईने मुलीला न बोलता जे शिकविले, ते मुलीने एका रात्रीत आत्मसात केले होते.

अग्रशाळेत शेजारच्या खोलीत एक वृद्ध बाई उतरल्या होत्या. भिंतीपलीकडून रात्रीचे कण्हणे त्यांनीही ऐकले असावे. ओसरीवर पत्नीला पाहून त्या कोकणीत म्हणाल्या, "दुखता तें सांगपाक लज कित्याक गो?" एवढेच बोलून त्या तांब्या घेऊन पाण्यास गेल्या. दुखते ते सांगण्यात लाज कसली, या साध्या प्रश्नाला आमच्या त्यागाच्या तत्त्वज्ञानात उत्तर नव्हते.

पत्नीने मुलीला जवळ बसविले आणि आपली सुजलेली बोटे तिच्या हातात दिली. सकाळी ती का वाकत नाहीत, दुपारी का वाकतात, गोळ्या कशाच्या आहेत, सर्व सांगितले. मुलीने एकच विचारले, "मी आले म्हणून जास्त दुखते का?" हा प्रश्न ती किती दिवस मनात वागवीत होती, कोण जाणे. "नाही," आई म्हणाली, "दुखणे घरीही होतेच. येथे ते तुझ्या सोबतीने आहे." त्यानंतर सहलीचा क्रम आम्ही चौघांनी मिळून ठरविला. सकाळी दहापर्यंत मुलांनी माझ्याबरोबर तळीकडे फिरावयाचे, आईने ओसरीवर बसावयाचे. तिचे सांधे सैल झाले की मग सर्वांनी बाहेर पडावयाचे. समुद्रावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ती वाळूच्या काठाशी एका दुकानदाराने दिलेल्या खुर्चीवर बसून राहिली. मुलगी तांब्यातून खारे पाणी आणून तिच्या पायांवर ओतीत होती आणि भाऊ वाळूचे डोंगर रचीत होता.

आमच्या प्रत्येक पूजेत यथाशक्ती हा शब्द येतो. मी तो अनेक वर्षे सवलतीचा शब्द समजत होतो. जमले तेवढे केले, देवा, गोड मानून घे. आता मला तो सत्यकथनाचा शब्द वाटतो. माझी शक्ती एवढी आहे, असे देवापुढे आणि जमलेल्या माणसांपुढे उघड सांगणे, हाच त्याचा अर्थ. व्रतांच्या ग्रंथांत वित्तशाठ्य करू नये असे बजावलेले असते. म्हणजे जवळ द्रव्य असून नसल्याचे भासवू नये. त्याच धर्तीवर मी शक्तिशाठ्य असा शब्द योजतो. अंगात बळ असून आजाराच्या आड लपणे हे एक शाठ्य. आणि बळ नसताना ते असल्याचे सोंग आणणे हे दुसरे. पहिल्याची आपण निंदा करतो, दुसऱ्याची आरती ओवाळतो. परंतु दोन्हींत घरातील माणसांना खोटा हिशेब दिला जातो आणि खोट्या हिशेबावर चालणाऱ्या घरात मुलेही आपापला हिशेब खोटा ठेवू लागतात.

कवळ्याची देवीही मूळची साष्टीतील केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे मोडली, तेव्हा भाविकांनी तिला त्या सत्तेच्या सीमेबाहेर अंत्रुज महालात आणले. त्या प्रवासात आजारी माणसे आणि लेकुरे नव्हती असे कोण म्हणेल? परंतु तो प्रवास संकटाने लादलेला होता. लादलेल्या प्रवासाला समर्थन लागत नाही. हौसेच्या प्रवासाला लागते, आणि ते देण्याची जबाबदारी निघणाऱ्यांवर असते. दुखणे असताना प्रवास करणे योग्य काय, याला माझे उत्तर असे: ते दुसऱ्यास लागणारे असेल तर घरीच राहावे, केवळ आपले असेल तर ते लपवून निघू नये, सांगून निघावे. मुलांना सर्व तपशील सांगावा असे नव्हे. त्यांच्या वयाला पेलेल एवढे सांगावे, पण जे सांगावे ते खरे असावे.

परत आल्यावर पत्नी चार दिवस अंथरुणावर होती. काका भेटावयास आले आणि म्हणाले, "मी सांगितले होते." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, ते चार दिवस या प्रवासाच्या खर्चात मांडलेच पाहिजेत. त्यातील एक दिवस पहिल्या संध्याकाळच्या सोंगाचा असावा, असे मला वाटते. उरलेल्या तिनांविषयी पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ते मी जाणून दिले होते." त्यावर मुलगी काकांसाठी पाणी घेऊन आली आणि पेला ठेवता ठेवता म्हणाली, "आजोबा, आईचे हात दहानंतर बरे होतात. तुम्ही अकरा वाजता येत जा."