घोडा कोणाचा?

चौकात शिल्प बसवायचं म्हटलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘पैसे देईल त्यानं निवडावं.’ दुसरा म्हणतो, ‘रोज बघेल त्यानं!’ बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझा ओढा साहजिकच चेकवर सही करणाऱ्याकडे. पण मुंबईचा काळा घोडा काही केल्या या हिशेबात टॅली होत नाही.

१८७९ साली राजपुत्राचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा तिथे उभा राहिला. पैसे अल्बर्ट ससूनचे. देणाऱ्यानं दिला राजपुत्र, लोकांनी घेतला घोडा! ना समिती, ना ठराव. १९६५ साली पुतळा हलवला, तो पुढे राणीच्या बागेत गेला. लोक मात्र ‘काळा घोडा’लाच उतरत राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, तोही स्वाराविना. लोकांची निवड १३८ वर्षांनी पास झाली म्हणायची!

म्हणून म्हणतो, देणगीदाराला पावती जरूर द्या. पण शिल्प ठरवताना समोरच्या पानवाल्याला विचारा. देणगीदार उद्घाटनाला येतो, हार घालून घेतो नि जातो. पानवाल्याला रोज त्या शिल्पाकडे बघत चुना लावायचा असतो. न विचारता त्यालाच चुना लावणं बरं नव्हे.