कवच आणि काम

विजेवर चालणाऱ्या घरगुती उपकरणाचे बाह्य कवच हा त्याचा दुय्यम भाग मानला जातो. परंतु वापरणाऱ्याला स्वतःच्या आवडीनुसार बदलता येईल असा बहुधा तोच एक भाग असतो. लहान स्पीकरच्या आतील सर्किट सामान्य माणसाला बनवता येत नाही, त्याभोवतीची पेटी मात्र सुतार, बुरूड किंवा एखादा हौशी माणूस सहज घडवू शकतो. कारखान्यातील कवचे एकसारखी असतात याचे कारण हिशेबाचे आहे: वितळलेले प्लास्टिक ज्यात दाबाने भरतात तो पोलादी साचा इतका महाग पडतो की हजारो नग निघाल्याशिवाय त्याचा खर्च भरून येत नाही. एकाच नगासाठी वेगळे कवच करणे म्हणूनच कारखान्याला परवडत नाही आणि हाताने काम करणाऱ्याला परवडते.

अशा कवचाची नवलाई केवळ आकारात असावी की कामातही, हा खरा प्रश्न आहे. 1934 मध्ये ब्रिटनमधील एक्को कंपनीने वेल्स कोट्स या वास्तुरचनाकाराने आखलेला बेकेलाइटचा, म्हणजे उष्णतेने घट्ट होणाऱ्या आरंभीच्या कृत्रिम प्लास्टिकचा, वर्तुळाकार रेडिओ बाजारात आणला, तेव्हा गोल ध्वनिक्षेपकाभोवती गोल पेटी बसली. आकार नवा होता, पण आतल्या वस्तूशी त्याचे नाते होते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तर त्याहून पुढचा, कारण तो नादाला आवरण घालत नाही, नाद घडवतो.

महाड आणि पोलादपूरच्या परिसरात या विचाराला हवामानाची कसोटी लागते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री या दोन्ही गावांवरून वाहते, आणि रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे सहज मिळणारा बांबू कवचासाठी मोहात पाडणारा आहे, कारण दोन पेरांमधली पोकळी आयती मिळते. सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या, दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीत हवेचा स्तंभ 570 हर्ट्झच्या आसपास घुमतो, म्हणून तिच्या खाचेत ठेवलेल्या मोबाइलचा आवाज वीज न लागता भरीव वाटतो. शिवाय 2017 च्या कायदेदुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे बांधावरचा बांबू तोडण्यातली अडचण कमी झाली. मात्र बांबूतील पिष्टावर भुंगेरे जगतात, त्यामुळे तो बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून नीट वाळवावा लागतो. ओला बांबू दुसऱ्या रीतीनेही नडतो: ब्लूटूथच्या सुमारे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. धातूची बंद पेटी तर त्या जवळजवळ अडवूनच धरते, म्हणून तांब्याचा देखणा डबा या कामी निरुपयोगी ठरतो.

पाणी अडवण्याचा प्रश्न इथे पुस्तकी नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुरात बुडाले. उपकरणांच्या जलरोधकतेसाठी आयपी नावाची आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. तिच्यातील आयपी 67 या दर्जाचे उपकरण 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे राहिले तरी टिकावे, अशी अपेक्षा असते. पुराचे पाणी इतक्या लवकर ओसरत नाही आणि गाळही सोबत आणते, तेव्हा हातकामाच्या कवचाने अभेद्यतेची स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्याने चटकन उघडता यावे, आतील सर्किट काढून पुसता आणि वाळवता यावे, एवढी सोय दिली तरी पुष्कळ झाले.

रायगड किल्ला महाडपासून सुमारे 25 किलोमीटरवर असल्याने गडाची प्रतिकृती करून तिच्या पोटात स्पीकर बसवण्याचा मोह या भागात कोणालाही होईल; दिवाळीत मातीचे किल्ले रचणाऱ्या मुलांच्या मुलखात ते स्वाभाविकही आहे. महादरवाजातून आवाज बाहेर यावा आणि तटाच्या जंग्यांमधून, म्हणजे मारगिरीसाठी ठेवलेल्या छिद्रांमधून, आतली उष्णता निघावी, अशी योजना असेल तर गडाचा आकार सार्थकी लागला. नुसत्या चिकटवलेल्या बुरुजांचे कौतुक मात्र दोन दिवसांचे.

लिथियम-आयन बॅटरी काही वर्षांत क्षीण होतेच, आणि लाकूड वा बांबू त्याहून कितीतरी अधिक टिकतो. म्हणून असे कवच करू पाहणाऱ्याने सांधे गोंदाने कायमचे बंद करण्याऐवजी रबरी पट्टी घालून स्क्रूने आवळावेत, आणि बॅटरीभोवती हवा खेळेल एवढी जागा आराखड्यातच राखून ठेवावी.