पाहिले, पण थांबलो का?



३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या भूकंपाची जुनी छायाचित्रे वर्तमानपत्रांत पुन्हा छापून येतात. यंदा आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी त्या दिवशीच्या मिस्सासाठी चर्चच्या व्हरांड्यात एक फलक लावायचे ठरवले आहे. घरोघरी जाऊन ते जुनी कात्रणे आणि फोटो गोळा करीत आहेत. माझ्याकडेही आले होते. माझ्या ट्रंकेत एक फोटो आहे. तो मी त्यांना दिला नाही. का दिला नाही, हे आज तुमच्यापुढे मांडतो.

जे तेव्हा जाणते होते त्यांना तो दिवस विसरता येणार नाही. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून उशिरा झोपलेली गावे पहाटे चारच्या सुमारास हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. जी घरे उन्हाळ्यात थंडावा देत होती, तीच झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

बातमी पसरली तसे मदतीला लोक धावले. आणि बघेही धावले. रस्त्यांवर इतकी गर्दी झाली की मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना. त्या बघ्यांमध्ये मीही होतो. चौथ्या दिवशी आम्ही पाच मित्र जीप करून औशामार्गे गेलो. एकाचा कॅमेरा मागून घेतला होता. एका ढिगाऱ्यासमोर एक बाई मांडीवर पितळी कळशी घेऊन बसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिने वर पाहिले आणि तोंडावर पदर ओढला. तेवढ्यात मी बटण दाबले होते. फोटोत तिचा अर्धा चेहरा आहे आणि अर्धा पदर.

मी तिला नाव विचारले नाही. पाणी विचारले नाही. संध्याकाळच्या आत आम्ही मुरुडला परत आलो.

मग अशी छायाचित्रे काढूच नयेत का? असे म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर ती दृश्ये दिसली म्हणूनच देशभरातून आणि परदेशातून धान्य, कपडे, औषधे आली. दुःख झाकून ठेवले तर त्याला मदत कशी पोचणार? छायाचित्र हे दुसऱ्याच्या दाराशी जाऊन आरोळी देण्यासारखे आहे. तेव्हा दोष पाहण्यात नाही. प्रश्न पुढचा आहे. पाहिल्यावर आपण काय केले?

त्याच १९९३ साली मार्च महिन्यात सुदानमधील एक छायाचित्र जगभर गाजले. भुकेने खाली वाकलेले एक लहान मूल आणि मागे टपून बसलेले गिधाड. ते केविन कार्टर नावाच्या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने काढले होते. लोकांनी वर्तमानपत्राकडे विचारणा केली: त्या मुलाचे पुढे काय झाले? अनेकांनी कार्टर यांना दोष दिला. त्यांनी गिधाड हाकलले होते, पण मुलाला उचलून नेले नव्हते. १९९४ साली त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टर यांनी आपले जीवन संपवले. त्यांचा न्याय करणारे आपण कोण? देवाच्या दयेवर त्यांना सोपवू या. पण एक गोष्ट माझ्या मनात येते. घरी बसून चहा पिता पिता ते छायाचित्र पाहणाऱ्यांनी, तू काय केलेस असे कार्टर यांना विचारले. आपण काय केले, असे स्वतःला किती जणांनी विचारले असेल?

दुसरे उदाहरण व्हिएतनाम युद्धातले. ८ जून १९७२ रोजी नापाम बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रडत रस्त्याने धावत आली. ते छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले आहे. ते नेमके कोणी टिपले, यावर २०२५ मध्ये मोठा वाद उभा राहिला. पन्नास वर्षे ज्यांचे नाव त्याखाली छापले जात होते, ते निक उट त्या दिवशी तेथे होते आणि भाजलेल्या मुलांना त्यांनी गाडीत घालून रुग्णालयात पोचवले. देवाच्या दरबारात कोणता प्रश्न आधी विचारला जाईल? छायाचित्र कोणी काढले हा, की त्या मुलीला रुग्णालयात कोणी नेले हा? किम फुक जगली. आपले उघडे, वेदनेचे चित्र जगाने पाहावे याची तिला कित्येक वर्षे लाज वाटत होती. पुढे १९८२ मध्ये तिने ख्रिस्ताचा स्वीकार केला, क्षमा करायला शिकली, आणि तेच छायाचित्र घेऊन शांतीचा संदेश देत फिरली. पण हे तिने स्वतः ठरवले. माझ्या फोटोतल्या बाईने काय ठरवले होते, ते तिचा पदर सांगतो.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. याजकाने त्या जखमी माणसाला पाहिले होते. लेव्यानेही पाहिले होते. तिघांच्याही डोळ्यांना तेच दिसले. फरक पावलांत पडला. दोघांची पावले पुढे गेली आणि एकाची जखमी माणसाजवळ थांबली. प्रभू येशूने शेजारी म्हटले ते थांबलेल्या माणसाला.

क्रुसाच्या वाटेवरील सहावे स्थान आठवा. वेरोनिकाची गोष्ट शुभवर्तमानात नाही, ती ख्रिस्तसभेच्या परंपरेतून आली आहे. वाटेवर बघ्यांची गर्दी होती. प्रभूचा चेहरा सर्वांनी पाहिला. पण त्या चेहऱ्याची प्रतिमा मिळाली ती गर्दीतून पुढे होऊन रक्त आणि घाम पुसणाऱ्या स्त्रीला. ती प्रतिमा घ्यायला गेली नव्हती. ती पुसायला गेली होती. प्रतिमा तिला प्रभूने दिली.

माझा फोटो मला कोणी दिलेला नाही. मी तो घेतला. म्हणून तो फलकावर लावायचा नाही, असे मी ठरवले. जाळणार मात्र नाही. जाळला तर माझी लाज जाईल, तिचे काय? येत्या महिन्यात तो घेऊन त्या गावाच्या नव्या वस्तीत जाईन. ही कोण, असे विचारीन. ती असेल तर तिची क्षमा मागेन. तिचे कोणी असतील तर फोटो त्यांच्या हाती देईन. मग ठेवायचा की टाकायचा, ते त्यांनी ठरवावे. तीस वर्षांहून अधिक उशीर झाला आहे, हे मला ठाऊक आहे.

तरुणांनो, तुम्ही फलक जरूर लावा. फक्त प्रत्येक छायाचित्रासमोर थोडे थांबा. ज्याचे नाव कळेल त्याचे नाव खाली लिहा. ज्याचे कळणार नाही त्याच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करा. प्रभू त्याला नावाने ओळखतो. आणि आज संध्याकाळी तुमच्या मोबाईलवर कोणाच्या अपघाताचे, पुराचे, मारहाणीचे चित्र आले, तर पुढे पाठवण्याआधी स्वतःला एवढेच विचारा: हा माझा शेजारी आहे का?