‘द इनर आय’: दृष्टी गेल्यानंतरचे सौंदर्य

सत्यजित राय यांनी 1972 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘द इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (1904–1980) यांच्यावर आहे. बिनोदबिहारींचा एक डोळा जन्मापासून निकामी होता, दुसरा अधू. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी त्यांनी रेखाटने केली, रंगीत कागद कापून चित्रे रचली, लहान शिल्पे घडवली, कलाभवनाच्या भिंतीसाठी फरश्यांचे म्युरल रचले. सौंदर्य डोळ्यांनीच कळत असेल, तर हा माणूस नेमके काय करत होता?

धर्मपरंपरेने अपंगत्वाला दोन स्पष्टीकरणे देऊन ठेवली आहेत. पहिले पूर्वकर्माचे: हे मागल्या जन्मीचे फळ. दुसरे भरपाईचे: चर्मचक्षू मिटले की ज्ञानचक्षू उघडतात. विदर्भातील गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी तान्हेपणीच गेली आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. उपाधी आदराची खरीच. पण दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी केलेला अफाट व्यासंग तिच्याआड झाकला जातो. पहिले स्पष्टीकरण माणसाला दोषी ठरवते, दुसरे त्याला सिद्धपुरुष करून टाकते. शेजारचा आंधळा माणूस रोज रस्ता कसा ओलांडतो, हे पाहण्याची गरज मात्र दोन्हींत उरत नाही.

रायांच्या माहितीपटाचे नाव दुसऱ्या बाजूला झुकते. आशय तसा नाही. दृष्टी गेल्यानंतरच्या कामाआधी त्यात बिनोदबिहारींची सगळी घडण येते: 1919 मध्ये कलाभवनात प्रवेश, नंदलाल बोसांची शिकवण, पुढे जपानचा प्रवास आणि 1946–47 मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर केलेले मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र. कच्चे आराखडे न करता ते थेट भिंतीवर उतरवलेले आहे आणि त्यातील संतांमध्ये सूरदासही आहेत. एवढे पाहून झाल्यावर अंधत्वातील काम चमत्कार वाटत नाही. चाळीस वर्षे रेषा ओढलेल्या हाताला रेषा ठाऊक होती. रंग ओळखण्यापुरते दुसऱ्याचे डोळे लागत.

बा. सी. मर्ढेकरांचा लयसिद्धांत इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते सौंदर्य सुट्या संवेदनेत नसते. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी संवेदनांची जी रचना होते तिच्यात असते. तसे असेल, तर कापलेल्या कागदाची कड बोटाने अजमावणाऱ्यालाही तिची लय कळू शकते. अडचण एवढीच की मर्ढेकर प्रत्येक कलेला तिच्या माध्यमाच्या संवेदनेशी बांधतात, आणि बिनोदबिहारींची आकृती घडते स्पर्शाने, पोहोचते डोळ्यांनी. सिद्धांताला इथे थोडे सैल व्हावे लागते. चित्रांनी पुरावा दिला असताना हट्ट सिद्धांताने सोडावा, हेच बरे.

माहितीपटाचा नैतिक पेच वेगळाच आहे. कॅमेरा आंधळ्या माणसाला पाहतो. आपण कसे दिसतो हे त्याला पडद्यावर पडताळता येत नाही. ही विषमता कोणत्याही दिग्दर्शकाला पुसता येत नाही. रायांनी तिचा गैरफायदा मात्र घेतलेला नाही. ते स्वतः चाळीसच्या दशकाच्या आरंभी कलाभवनात बिनोदबिहारींचे विद्यार्थी होते. निवेदनही त्यांच्याच आवाजात आहे. त्यात गुरूबद्दलचा आदर जाणवतो, कणव नाही. अंधत्व ही एक नवी अनुभूती, असण्याची एक वेगळी अवस्था आहे, हे बिनोदबिहारींचे स्वतःचे म्हणणे माहितीपटाच्या शेवटी येते. दिग्दर्शक त्यावर भाष्य करत नाही.

या माहितीपटाची मर्यादाही उघड आहे. जन्मतः दृष्टी नसलेल्याचे सौंदर्य कोणते, याचे उत्तर त्यात नाही, कारण बिनोदबिहारींच्या हाती आयुष्यभराच्या पाहण्याची शिदोरी होती. शिवाय ते थोर कलावंत होते. ज्या प्रौढ अपंग व्यक्तीने काहीच असामान्य केलेले नाही, तिच्याकडे एवढ्याच आदराने पाहायला कॅमेऱ्याला कारण लागावे का, हा प्रश्न ‘द इनर आय’ विचारत नाही. अपंगत्वावरच्या माहितीपटांची खरी कसोटी तिथेच लागते.