शिकवणीतले अवधान

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ज्याँ-ओनोरे फ्रागोनार (१७३२–१८०६) याचे ‘संगीताची शिकवणी’ हे चित्र आहे. हार्पसिकॉर्डसमोर एक तरुणी बसली आहे. शेजारी उभा असलेला तरुण शिक्षक तिच्यासाठी स्वरलिपीची पाने सांभाळतो आहे, पण त्याची नजर पानावरून निसटून तिच्या गळ्याखाली उतरली आहे. पुढच्या खुर्चीवर एक तंतुवाद्य आणि एक मांजर. रंग पातळ, फटकारे मोकळे. चित्र जणू अर्ध्यावर सोडलेले.

खानदानी घरातला हळुवार प्रणय म्हणून हे चित्र सहसा पाहिले जाते. त्यात एक गंभीर प्रश्नही दडला आहे: मन एकाग्र होणे आणि मन जडणे ही एकच गोष्ट आहे का?

हार्पसिकॉर्ड हे वाद्यच अवधान मागणारे. पट्टी दाबली की पिसाच्या देठाचा छोटा तुकडा तार छेडतो. बोट कितीही जोराने दाबले तरी आवाज फारसा वाढत नाही. भाव उमटतो तो बोट नेमके केव्हा टेकले आणि केव्हा उचलले यातून. राजघराण्यातील मुलांना शिकवणाऱ्या फ्रान्स्वा कूपराँने १७१६ साली या वादनावर ग्रंथ लिहिला. शिकवणीच्या सुरुवातीच्या काळात तो जाताना वाद्याची किल्ली सोबत नेत असे. पाऊण तासात काळजीपूर्वक शिकवलेले मुलांनी त्याच्यामागे क्षणात बिघडवू नये, हा हेतू. एकदा ढळलेले अवधान हाताला चुकीची सवय लावून जाते, हे त्याने ओळखले होते.

अवधानाला धर्माचा अर्थ देणारा फ्रेंच विचारवंत म्हणजे निकोला मालब्रांश (१६३८–१७१५). हा ओरातोरियन संघाचा धर्मगुरू. त्याच्या मते ज्ञानाचा प्रकाश ईश्वराकडूनच येतो. माणसाच्या हाती फक्त मन लावून तो मागणे आहे. म्हणून अवधान ही आत्म्याची स्वाभाविक प्रार्थना.

हाच धागा फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेईने (१९०९–१९४३) पुढे नेला. शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांवर १९४२ साली लिहिलेल्या निबंधात ती म्हणते की भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर खर्ची पडलेले अवधान वाया जात नाही. तेच पुढे प्रार्थनेत आणि दुःखिताकडे पाहण्यात उपयोगी पडते. मात्र कपाळाला आठ्या घालून केलेला आटापिटा म्हणजे अवधान नव्हे. मन रिकामे ठेवून, कशावरही झडप न घालता वाट पाहणे, हे तिच्या लेखी अवधान. सौंदर्य समोर असताना माणसाला नुसते पाहून राहवत नाही, ते गिळावेसे वाटते, अशी खंतही तिने अन्यत्र मांडली आहे.

या कसोटीवर चित्रातल्या शिक्षकाची नजर उत्कट खरी, पण अवधानाची नव्हे. तिला काहीतरी हवे आहे. स्वरलिपी ही दोघांमधली तिसरी वस्तू. तिच्याकडे दोघे पाहत आहेत तोवर शिकवणी आहे. त्यातल्या एकाने नजर काढली की उरतात फक्त दोन माणसे.

यावर प्लेटोच्या बाजूने आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. त्याच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात दिओतिमा ही ज्ञानी स्त्री प्रेमाची जी शिडी सांगते तिची पहिली पायरी एका सुंदर देहावरचे प्रेम हीच आहे, तिथून चढत माणूस सौंदर्याच्या मूळ रूपापर्यंत पोहोचतो. मग शिक्षकाची ढळलेली नजर ही घसरण कशावरून, ती चढणीची सुरुवातही असेल. प्लेटोवर अपार श्रद्धा असलेल्या वेईला ही शिडी नाकारायची नव्हती. फक्त पहिल्या पायरीवरची भूक शमवण्याची घाई झाली तर पुढची पायरी दिसतच नाही, असे तिच्या विचारातून निघते. फ्रागोनारने शिक्षकाला नेमके त्याच पायरीवर थांबवले आहे. मुलीचे लक्ष मात्र वाद्यावर आहे.