‘घरचे बघतात’ म्हणजे कोण?

‘सासूबाईंचं तिनं शेवटपर्यंत केलं’ असे आपण कौतुकाने म्हणतो. काय केले, ते या वाक्यात नसते आणि ऐकणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, रात्री तीनदा उठणे आणि आजाऱ्याच्या चिडचिडीला उलट उत्तर न देणे, हे सगळे त्या एका ‘केलं’मध्ये मावते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हा नेमका शब्द गटांबाहेर फारसा पोचला नाही. बाहेर अजून ‘घरचे बघतात’ एवढ्यावरच भागते. माझा आक्षेप या ‘घरचे’वर आहे. शब्द अनेकवचनी आहे, काम मात्र बहुतेक घरांत एकाच माणसाच्या अंगावर पडते: सुनेच्या, लग्न न झालेल्या मुलीच्या, स्वतःच थकलेल्या बायकोच्या, कधी मुलाच्या, आणि आई मजुरीला जात असेल तर आठवीतल्या पोरीच्या. कायदा, दवाखाना, कचेरी आणि शाळा यांनी ‘कुटुंब’ या शब्दाआड दडलेल्या त्या एका माणसाला ओळखावे आणि त्याला त्याचे स्वतःचे हक्क द्यावेत, असे मला वाटते.

2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. असे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सुमारे 140 मिनिटे त्यात जातात, पुरुषाची 74. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आले, हे लक्षात ठेवायला हवे. पण मिनिटांत मोजले जाते ते हातांचे काम. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असा माणूस दुपारी चार तास शांत झोपतो, तेव्हाही त्याच्यापाशी असलेल्या बाईला बाहेर पडता येत नाही. तो उठून गॅस सुरू करील, दार उघडून चालू लागेल. त्या चार तासांत ती बाई काहीच ‘करत’ नसते. तरी तिची नोकरी याच तासांमुळे जाते, भविष्य निर्वाह निधीत भर पडणे थांबते आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज राहून जाते. सांभाळण्याची खरी किंमत या बांधून पडण्यात आहे.

कायद्याकडे पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर जबाबदारी टाकतो आणि म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद करतो. पथ्याचे शिजवणारी सून या व्याख्येत नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकाने सून-जावयांना आत घ्यायचे ठरवले, तेही जबाबदारीपुरतेच. सोडून जाणाऱ्याला शिक्षा आहे, थांबलेल्याला आधार नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्यापुढे गेला. मोबदला घेऊन किंवा न घेता सांभाळणारे आईवडील आणि नातेवाईक त्याने काळजीवाहक म्हणून नोंदले, आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. पण सरकारच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घालून. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अपघातात गेलेल्या गृहिणीची भरपाई ठरवताना तिच्या घरकामाचे काल्पनिक उत्पन्न धरले पाहिजे, असा निकाल दिला. म्हणजे या कामाचे मोल ठरवता येते. ते ती बाई जिवंत असताना ठरवावे, एवढेच मागणे आहे.

हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे सेवा हे कर्तव्यच असते, असे यावर म्हटले जाईल. जपानचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. वडीलधाऱ्यांच्या सेवेचा संस्कार तिथे आपल्याइतकाच खोल आहे. तरी सायतामा प्रांताने 2020 मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी स्थानिक कायदा केला आणि त्यात मुलांचाही विचार केला. पुढे शाळांमधल्या पाहणीत आपल्या आठवीच्या वयाच्या दर 17 मुलांमागे एक घरातल्या कोणाला तरी सांभाळते, असे दिसले. बहुतेकांनी त्याबद्दल कोणाशी चकार शब्द काढला नव्हता. 2024 मध्ये देशाच्या कायद्यातच या मुलांना स्थान मिळाले. संस्कार होता म्हणूनच मुले गप्प होती, हे तिथल्या लोकांनी ओळखले. आपल्याकडे शाळा सोडलेल्या मुलींच्या कारणांत ‘घरकाम’ हे फार वरचे कारण आहे. त्या घरकामात लहान भावंडे किती, अंथरुणाला खिळलेली आजी किती, हे वेगळे लिहिले जात नाही. ऊसतोडीला आईबाप गेले की मागे राहिलेल्या मुलीवर म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे दोन्ही येतात. तिला आपण ‘समजूतदार’ म्हणतो. त्या शब्दाने तिचे बालपण आपण खर्ची टाकतो, हे मला सहन होत नाही.

प्रेमाला पैशात मोजू नये, या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे: भत्ता बुडालेल्या मजुरीचा असतो, प्रेमाचा नव्हे. खरा अवघड आक्षेप स्त्रीमुक्तीच्या बाजूने येतो. सांभाळणाऱ्या बाईला पैसे दिले, की ‘तुला त्याचेच तर मिळतात’ म्हणून ती त्या खाटेशी कायमची बांधली जाईल. ही भीती मला पूर्ण खरी वाटते. म्हणून रोख रक्कम एकटी पुरायची नाही. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना 600 रुपये ठरवले आहेत. ते तिथल्या एका दिवसाच्या मजुरीलाही पुरत नाहीत. त्याच राज्याने 2008 च्या परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) धोरणानंतर पंचायतींमार्फत परिचारिका घरापर्यंत पोचवली, ते जास्त मोलाचे आहे. बाईची सुटका होते ती तिच्या जागी तासभर दुसरे कोणी बसल्याने. तसेच रजेचे. केंद्र सरकारी नोकरीत स्त्रियांना मुलांसाठी 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. आजारी आईवडिलांसाठी तशी खास रजा नाही. ती द्यावी, आणि मुलगा व मुलगी दोघांना स्वतंत्रपणे, एकाची दुसऱ्याला देता येणार नाही अशी द्यावी. मुलाच्या नावावर रजा पडून असेल, तर ‘सून आहे ना घरी’ असे म्हणताना निदान त्याला अडखळावे लागेल.

एवढा पैसा कुठून आणायचा? महाराष्ट्राने 2024 पासून लाखो स्त्रियांच्या खात्यात दरमहा 1500 रुपये जमा करून दाखवले आहेत, तेव्हा यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही. खर्च आजही होतोच आहे. तो सुटलेल्या शाळेतून आणि बुडालेल्या पगारातून जातो, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही. काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधे, पथ्य आणि पुन्हा दाखवण्याची तारीख असते. तिथेच आणखी एक ओळ हवी: घरी कोण सांभाळणार, त्याचे वय किती, त्याला रात्री झोप मिळते का. आणि वर्गशिक्षकाने एखादीच्या नावापुढे सलग तिसऱ्या दिवशी गैरहजेरी मांडताना, घरी आजारी कोण आहे, ते विचारावे.