विधी आणि नोंद

विवाह विधीने होतो की नोंदीने? बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या हिंदू जोडप्याला १९५५चा हिंदू विवाह कायदा लागू होतो: सप्तपदीची रूढी असेल तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण, नोंद नसली तरी तो टिकतो. उलट, विधीविना मिळालेल्या प्रमाणपत्राने विवाह घडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. धर्मशास्त्राला अग्नीची साक्ष पुरते. व्हिसा अधिकाऱ्यापुढे मात्र कागदच बोलतो, आणि चुकीचा कागदही तितक्याच ठामपणे. असा कागद दुरुस्त कसा होतो, याचे एक उदाहरण फिलिपिन्सचे: तिथे नोंदीतली साधी लेखनचूक २००१च्या कायद्याने निबंधकच दुरुस्त करतो. न झालेल्या विवाहाची नोंद खोडायला न्यायालय लागते. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सही खोटी ठरल्यावर, एका स्त्रीच्या नावावरची अशी नोंद रद्द होऊ दिली. मोडायला मुळात विवाहच नव्हता.